बिजवर इंजिन

गॅरेजमध्ये किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि डब्यात तीन-चार बोल्ट उरतात, ते कुठले होते हे कुणालाच आठवत नाही. किस्से तसेच उरतात. आमच्या गॅरेजचा डबा भरलाय. त्यातले एकाच गाडीचे तेवढे वेगळे काढून सांगते.

आधी माझी ओळख. वडील हिंगोलीतल्या एका देवळाचे पुजारी. मी जर्मनीत इंजिनांचं शिक्षण घेतलं आणि परत आले. तिथल्या मैत्रिणी विचारतात, तिकडे जाऊन काय करणार? तिकडे आहेत उत्तमराव मिस्त्री, आमच्या गॅरेजचे मालक. आणि शेजारच्या शेडमध्ये लेथ चालवणारे गफूरचाचा. हळद पॉलिश करायच्या ड्रमचे दांडे चाचांनी जेवढे कातलेत, तेवढे माझ्या प्राध्यापकांनी पाहिलेही नसतील. दुरुस्त होणारी वस्तू भंगारात घालणं हा गुन्हा आहे, असं मी मानते. हे वाक्य मी गॅरेजात पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. उत्तमराव म्हणाले, "बराबर हाय ताई. आता तो दहाचा पाना द्या."

*

देवसिंगकाका राठोड पुसेगावच्या पुढच्या एका तांड्यावरचे. त्यांची पांढरी, गोलमटोल मोटार ट्रॅक्टरला बांधून आली. लिलावात घेतलेली जुनी सरकारी गाडी. आता दोन वर्षं बंद उभी होती.

काका उतरले ते मान उजवीकडे वळवलेली ठेवूनच. बोलायला माझ्याशी लागले, पण नजर भिंतीवरच्या टायरकडे. मी विचारलं, गाडीला काय तकलीफ आहे? म्हणाले, आता तर इंजिनच फुटलं, पण त्याच्या आधी काही तकलीफ नव्हती. तांड्याचा चढ बराबर चढायची. रिव्हर्समध्ये.

मला वाटलं, थट्टा करताहेत. उत्तमरावांनी समजावलं. जुन्या गाडीत रिव्हर्सचा गेअर सगळ्यात ताकदीचा. पहिल्या गेअरमध्ये ती चढावर मरायची, म्हणून काका खाली गाडी वळवून घ्यायचे आणि खिडकीतून मान बाहेर काढून मागं-मागं वर न्यायचे. वीस वर्षं. उतरताना सरळ, चढताना उलटी. घरी ती नेहमी पाठ दाखवतच पोचायची.

"म्हणून मान अशी हाय व्हय?" उत्तमरावांनी विचारलं.

"मान राहू द्या," काका टायरला म्हणाले. "गाडीचं बघा."

गाडीचं बघणं का गरजेचं होतं, ते चहा पिताना कळलं. गाडी घेताना जमनाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, अंगावरची चांदी मोडली होती. तेव्हापासून काकू दुसऱ्याच्या गाडीत बसत नाहीत. आता गुडघे गेले, चढ पायी उतरवत नाही. तिकडे हट्टा गावी दिलेल्या लेकीला मुलगी झाली, आठ महिने झाले. लेक म्हणाली, बाळाला घेऊन मीच वर येते. काकूंनी निरोप धाडला, पहिल्यांदा आजी जात असते नातीकडे, झबलं-टोपडं घेऊन. आणि जायचं ते आपल्या गाडीतून.

भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. काका म्हणाले, या खेपेला चढली नाही तर देऊन टाकतो.

मी लगेच म्हणाले, "चढेल काका. सरळ चढेल."

उत्तमरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं गॅरेज कुणाच्या तरी नावावर करून दिलंय.

*

जुन्या इंजिनाचा ब्लॉकच तडकलेला. म्हणून अपघातात चेसिस वाकलेल्या एका पिकअपचं डिझेल इंजिन कागदपत्रांसकट घेतलं. गेअरबॉक्स मात्र मोटारीचाच ठेवायचा. आता एकाचे बोल्ट एका जागी, दुसऱ्याचे दुसऱ्या. मध्ये लोखंडाची जाड प्लेट घालायची, एका बाजूने इंजिन कसायचं, दुसऱ्या बाजूने गेअरबॉक्स. सगळ्या कामाचा जीव त्या प्लेटमध्ये.

मी दोन्हीकडची भोकं डिजिटल व्हर्नियरने मोजली, लॅपटॉपवर ड्रॉइंग केलं. केसाचाही फरक नको म्हणून तीनदा तपासलं. नांदेडहून प्लेट कापून आली. इंजिनाला लावली, चपखल बसली. काढून गेअरबॉक्सला लावली, चपखल. दोन्हींच्या मध्ये घातली तर बसेना.

अर्धा तास मी मापं पुन्हा ताडून पाहिली. मग मला कळलं. इंजिनाचं माप मी मागून बघून घेतलं होतं आणि गेअरबॉक्सचं पुढून. एक भोकांची रांग सरळ, दुसरी आरशातली.

चाचांनी प्लेट हातात घेतली, उलटसुलट पाहिली, अंगठ्याने कड तपासली.

"काम एकदम साफ है बेटी," ते म्हणाले. "बस दो गाडी लगेगी."

*

दुसरी प्लेट चाचांनी केली. त्यांनी मला अर्धा किलो हळद आणायला पाठवलं. हिंगोलीत हळद आणायला कुणाला कारण विचारत नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही.

चाचांनी ती तेलात कालवली, इंजिनाच्या मागच्या तोंडावर बोटाने पातळ लावली. उत्तमरावांच्या मुलीच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका चिकटवून एक मोठा पुठ्ठा केला. ते म्हणाले, हा कागद जाड, ताणत नाही. पुठ्ठा दाबून धरला आणि उचलला. प्रत्येक भोक, प्रत्येक कड पिवळीधमक उमटली. गेअरबॉक्सचंही तसंच. मग एक पुठ्ठा त्यांनी पालथा घातला, सुईने भोकं पाडून मागून खुणा केल्या आणि दुसऱ्यावर ठेवला.

मी विचारलं, पालथा काहून? (माझ्याही तोंडात आता काहून आलं होतं.)

म्हणाले, भिंतीवर हळदीचा उजवा पंजा मारून बघ, अंगठा कुठं येतो ते. दोघांना समोरासमोर उभं करायचं, तर एकाला फिरवावंच लागतं.

जर्मनीत हे मला दोन सेमिस्टर शिकवलं होतं. हळदीशिवाय.

ती प्लेट पहिल्या फटक्यात बसली. माझी प्लेट उत्तमरावांनी गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर टांगली. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? उत्तमराव सांगतात, "आमच्या ताईची परदेशातली डिग्री."

*

नव्या इंजिनाचं तेलाचं चेंबर पुढच्या आडव्या दांड्यावर टेकायला लागलं. म्हणून ते कापलं, पोट मागे सरकवलं, पुन्हा वेल्डिंग केलं. गळतं का ते बघायला पाणी भरून टांगून ठेवलं आणि तिघंही खाली मान करून बसलो. थेंब पडला. वेल्डिंग. पुन्हा थेंब. असं चार वेळा झालं.

तेवढ्यात माझे वडील डबा घेऊन आले. सोवळ्यातून थेट, कपाळाला गंध. पोरगी गॅरेजात काम करते हे त्यांनी मान्य केलं होतं, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता आत आले, टांगलेल्या भांड्याकडे आणि खाली बसलेल्या आम्हा तिघांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"पिंडीवर आम्ही भांडं टांगतो," ते म्हणाले. "थेंब थांबला की लोक ओरडतात. तुमच्याकडे पडला की. बाकी सगळं तेच दिसतंय."

मग धोतर सावरून तेही आमच्या शेजारी बसले. पाचव्या वेल्डिंगनंतर थेंब पडला नाही. सगळ्यात आधी त्यांनीच हात जोडले.

*

इंजिन सुरू करायचा दिवस. देवसिंगकाका नारळ घेऊन आले. आमच्याकडे नियम आहे, इंजिनाने आवाज दिल्याशिवाय नारळ फोडायचा नाही.

स्टार्टर मारला. इंजिन फिरतंय, पेटत नाही. डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. फिल्टर बदलला. पंप उघडला, बंद केला. मी लॅपटॉप काढला, उत्तमरावांनी शिव्या काढल्या. दुपार गेली. काकांची मान त्या दिवशी अजूनच वळल्यासारखी वाटली. म्हणाले, राहू द्या, लेकरांनो. तुमी केलं तेवढं लई झालं.

ते नारळाची पिशवी घ्यायला गाडीत वाकले. पिशवी त्यांनी सकाळीच स्टिअरिंगखालच्या एका बटणाला अडकवली होती. जुन्या डिझेल गाडीत इंजिन बंद करायला एक बटण बाहेर ओढतात, ते हे बटण. नारळाच्या वजनाने ते सकाळपासून ओढलेलं होतं.

पिशवी निघाली. बटण आत गेलं. उत्तमरावांनी चावी फिरवली, आणि इंजिन असं बोललं की शेडवरची कबुतरं उडाली.

चाचा म्हणाले, "फोडो जल्दी उसको. सारे दिन से वही बैठा था."

*

इंजिन बदललं की आरटीओची तपासणी लागते. परवानगी आधीच काढली होती, आता साहेब स्वतः गाडी बघणार होते. माझी फाइल जाडजूड. साहेबांनी सगळं वाचलं, सगळं तपासलं आणि विचारलं, प्लेटचं मूळ माप कशावरून घेतलं?

मी नको नको म्हणत असताना उत्तमरावांनी पिवळा पुठ्ठा पुढे केला. साहेबांनी तो हातात घेतला, भोकं पाहिली, मग उलटवला आणि वाचायला लागले, आमचे येथे श्रीकृपेकरून. चष्मा काढून त्यांनी बोनेटच्या आत पाहिलं.

"यात नवरा कोण आणि नवरी कोण?"

"गेअरबॉक्स नवरी, साहेब," उत्तमराव म्हणाले. "नवरा बिजवर हाय. पण कामाचा हाय."

साहेबांनी पुन्हा एकदा सगळे बोल्ट हलवून पाहिले. मग सही केली. पुठ्ठ्याचा त्यांनी फोटो काढून घेतला, कशासाठी ते सांगितलं नाही.

*

आणि मग चढ.

आज गाडी घेऊन येतोय, हे देवसिंगकाकांनी घरी सांगितलं नव्हतं. म्हणाले, दोन वर्षं बायकोला गाडी उद्या येते, उद्या येते म्हणून राहिलो, आता तोंड उघडायची हिंमत न्हाई. गाडीत आम्ही चौघं. काका चालवत होते, शेजारी मी, मागे उत्तमराव, आणि चाचा पुढे वाकून गेअरबॉक्सच्या वरच्या पत्र्यावर तळहात ठेवून, आपली प्लेट कशी आहे ते बघत.

चढाच्या पायथ्याला काकांनी गाडी थांबवली. वळवली. खिडकीतून मान बाहेर काढली आणि रिव्हर्स टाकला.

"काका," मी म्हणाले, "सरळ."

"सवय हाय पोरी."

"एकदाच. नाही चढली तर मी स्वतः ढकलीन."

काकांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी पत्र्यावरचा हात न काढता मान हलवली. गाडी पुन्हा वळली. पहिला गेअर. मोठा दगड गेला. बाभळीचं वळण आलं. जुनं इंजिन इथेच फुटलं होतं. वळण गेलं. आणि निम्म्या चढावर, कुणी न सांगता, काकांनी दुसरा गेअर टाकला.

मागून उत्तमराव म्हणाले, "अरे देवा."

गाडी ओढतच राहिली. तांड्यावरची पोरं ओरडत पुढे पळाली. माझ्या डोळ्यांत पाणी, काकांची मान खिडकीबाहेरच, पण गाडी सरळ. वर पोचलो, थेट काकांच्या घरासमोर. हॉर्न दिला.

जमनाकाकू ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात आडवा धरला. बोनेट पाहिलं. दोन्ही दिवे पाहिले. पुन्हा बोनेट पाहिलं. मग शेंगांकडे वळत शेजारणीला म्हणाल्या,

"कोणाची गाडी हाय ही? त्याला सांग बाई, मी दुसऱ्याच्या गाडीत बसत न्हाई."