हैक, नानासाहेब

नानासाहेबांनी ती पांढरी फियाट पहिल्यांदा पाहिली तेव्हा सूर्य जागच्या जागी उभा राहिला, उस्मानपुऱ्यातल्या रिक्षांचे भोंगे आपोआप बंद पडले आणि भंगारवाल्याच्या दारातली शेळी गहिवरून ओरडली. निदान नानासाहेब तरी असंच सांगतात. शेळी ओरडली, कारण गाडीच्या पुढच्या काचेच्या जागी नुसतं भोक होतं, आणि त्यातून आत शिरलेल्या तिला बाहेर पडता येत नव्हतं.

गाडी घरी आली. इंजिन दुरुस्त झालं, रंग झाला, गाद्या झाल्या. एकुलत्या लेकीची, तनुजाची पाठवणी याच गाडीतून होणार, असं नानासाहेबांनी सोयगावच्या अख्ख्या भावकीत जाहीर करून टाकलं. लग्न उद्यावर आलं तरी काच मात्र अंगणात गोधडीवर निजलेली.

काचवाले फारूखभाई आले. त्यांनी काचेला नवं रबर चढवलं, रबराच्या खाचेत दोरी फिरवली, साबणाचं पाणी लावलं आणि काच बाहेरून चौकटीला टेकवली. दोरीची टोकं आत बसलेल्या नानासाहेबांच्या हाती आली.

"तुम्ही आतून वढा. दोरी निघंल तसं रबर पत्र्यावर चढंल. मी बाहेरून थोपटतो."

नानासाहेबांनी दोरी ओढली. रबर झकास चढायला लागलं. फारूखभाई खूश होऊन म्हणाले, "हौ, हौ."

नानासाहेब थांबले.

"थांबले का? वढा की."

ओढली.

"हौ, हौ."

पुन्हा थांबले.

"अवो, मी हौ म्हणतो म्हंजे बराबर चाललंय."

"कळतंय मला. हात थांबतेत."

पायरीवर बसलेल्या त्यांच्या पत्नी चतुराबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "फारूखभाई, बैलाला हौ-हौ करून थांबवण्यात जन्म गेला यांचा. आता बैलाचाच गुण लागलाय. बैल हाकताना म्हणतात तसं हैक म्हणून बघा."

"तौबा. नानासाहेबांना हैक म्हणू?"

"म्हणा," नानासाहेब आतून म्हणाले. "लग्न उद्या हाय."

फारूखभाईंनी घसा साफ केला आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "हैक, नानासाहेब."

दोरी अशी सुटली म्हणता! खालची कड गेली, कोपरे गेले, वरची कड सरसरत गेली आणि शेवटचं टोक निघताना काच टप्पकन बसली. नानासाहेब दोरीसकट मागच्या सीटवर. तिथूनच त्यांनी घोषणा केली, "आता वाऱ्याची झुळूक बी आत यायची नाय."

दुसऱ्या दिवशी, मे महिन्यातल्या भर दुपारी, तनुजा फियाटमध्ये बसली, जरा वेळानं घाम पुसत उतरली आणि जावयाच्या एसी गाडीतून सासरी गेली.