लेबलाचा दुमडलेला कोपरा

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. दोनदा तोंडाशी आलं, दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोललो. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

मी गणित शिकवतो, हैदराबादेतल्या एका खासगी कॉलेजात. घर बरकतपुऱ्यात, वय एक्कावन्न. आणि मला कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायला आवडतात. हसलात ना? सुनीताही हसते. "जावई शोधायचं वय झालं, आणि हे बसलेत घुर्रघुर्र करत!" हसा खुशाल. हा माझा दोष नव्हे. दोष पुढे आहे, आणि तिथवर पोहोचायला मी उगाच वेळ लावतो आहे.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणारं माझं ग्राफिक्स कार्ड नऊ वर्षांचं होतं. आधी नवे खेळ त्याला झेपेनात. मग पडद्यावर रंगीत चौकोन नाचायला लागले, आणि एक दिवस पडदा काळा पडला तो पडलाच. कोरं कार्ड घेणं मला परवडण्यासारखं नव्हतं. मलकपेठेत माझ्या जुन्या ओळखीच्या वाजिदभाईंचं दुकान आहे — चालू स्थितीतलं जुनं कार्ड दिलं की वर थोडे पैसे घेऊन त्याहून बरं, वापरलेलं कार्ड देतात. मात्र चालू स्थितीतलं. माझं तर मेलेलं.

अशा कार्डावर एक उपाय इंटरनेटवर सापडतो. पंखा आणि धातूचं कवच काढायचं, उरलेली पाटी ओव्हनमध्ये काही मिनिटं भाजायची. सुटत आलेले कथलाचे टाके वितळून पुन्हा बसतात आणि कार्ड उठून बसतं. टिकत मात्र नाही — काही आठवडे, फार तर. हेही तिथेच लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. हे वाक्य मुद्दाम लिहितो आहे — मी वाचलं होतं.

एका रविवारी दुपारी सुनीता बहिणीकडे गेली, आणि ती नानकटाई करते त्या ओव्हनमध्ये मी माझं कार्ड भाजलं. पाठीवरचं नंबरचं लेबल जळेल म्हणून आधी सोलून ठेवलं, नंतर गोंदानं परत चिकटवलं. एक कोपरा दुमडला. तेवढ्यानं काय होणार होतं? घरात जळकट वास भरला होता. सुनीताला म्हणालो, टोस्ट करपला.

कार्ड चालू झालं. दुसऱ्या दिवशी मी ते मलकपेठेला नेलं.

दुकानात दोघे भाऊ. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम वाजिदभाईंचं, तपासायचं काम धाकट्या सलीमचं. सलीम चाळिशीतला, अबोल. तो कार्ड लावून बघू लागला, तर वाजिदभाईंनी त्याला थांबवलं. "सर का माल है मियाँ, उसमें क्या देखता?" मी हसलो. माझ्या जुन्या कार्डापेक्षा पाच वर्षांनी तरुण कार्ड घेऊन आलो. त्या संध्याकाळी किती छान खेळलो, तेही लपवत नाही.

सलीमबद्दल एक गोष्ट त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. फार पूर्वी त्यानं एका चांगल्या भागाचं लेबल काढून मेलेल्या भागावर लावलं होतं आणि चांगला भाग बाहेर विकला होता. पकडला गेला, रडला. वाजिदभाईंनी त्याला पदरात घेतलं. त्यानंतर कित्येक वर्षं काही नाही.

महिन्याभरानं मी एक वायर आणायला गेलो, तर दुकानात आरडाओरडा. लग्नाचे व्हिडिओ तयार करून देणारा एक माणूस माझं कार्ड परत घेऊन आला होता — ऐन लग्नसराईत बंद पडलं म्हणून. वाजिदभाईंना तो चारचौघांत चोर म्हणत होता. त्यांनी त्याला दुसरं कार्ड देऊन वाटेला लावलं. मग दिव्याखाली धरून त्यांनी ते मेलेलं कार्ड उलटं केलं. अंगठा लेबलावरून फिरवला. दुमडलेल्या कोपऱ्यावर थांबला.

त्या धंद्यात सोलून लावलेल्या लेबलाचा एकच अर्थ होतो. ओव्हन कोणाच्या डोक्यात येणार?

"फिर किया रे तू?" एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही.

सलीमनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर — कसं सांगू — सुटका होती. साक्षीदार आयताच दारात उभा होता. "सर से पूछ लो भाई. सर झूट नैं बोलते."

दोघेही माझ्याकडे बघत होते. वाजिदभाईंनी विचारलं, "सर, आप दिए तब लेबल ऐसाच था क्या?"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? वाजिदभाई दोन शब्द बोलले असते. कदाचित चहासुद्धा पाजला असता. पैसे परत मागणारा माणूस तो नव्हे. मग मी कशाला भ्यालो? 'सर' या शब्दाला?

"नहीं," मी म्हणालो. "लेबल बराबर था."

सलीमनं कपाटातून स्वतःचे स्क्रू-ड्रायव्हर तेवढे काढले, फडक्यात गुंडाळले आणि माझ्या शेजारून पायऱ्या उतरला.

वर्षभरानं तो मला तारनाक्याला दिसला. मोबाइलची कव्हरं विकत होता. त्यानंच हाक मारली, स्टूल पुढे केलं. आणि न विचारता म्हणाला, "लेबल भाईच बदले सर. मैं नैं किया. आप झूट नैं बोलते. तो कौन बचा, आपीच बोलो?" इतक्या वर्षांच्या गणिताच्या मास्तरला त्यात एकही चूक काढता आली नाही. तिथे तरी बोलायचं होतं. मी एक कव्हर घेतलं. माझ्या फोनला ते बसतही नाही.

भाऊ अजून बोलत नाहीत. आईच्या मयतीलाही दोघे वेगवेगळ्या दारांनी आले, असं वाजिदभाईंनीच मला सांगितलं — मन मोकळं करायला त्यांना मीच सापडतो.

वर्षातून एकदा मी तेव्हा बदल्यात आणलेलं कार्ड धूळ काढायला त्यांच्याकडे नेतो. अजून उत्तम चालतं. आता तपासायचं कामही तेच करतात. पैसे घेत नाहीत. साफ करून झालं की चष्मा लावतात, कार्ड उलटं करतात आणि लेबलाच्या चारी कोपऱ्यांवरून सावकाश अंगठा फिरवतात. मग ते माझ्या हातात देतात. मी घेतो.