गझाला आत की बाहेर

माझं सगळं आयुष्य ऐतिहासिक नाटकांत गेलं, त्यामुळे घोड्यांविषयी मी फार बोललो आहे. "आमचा अश्व सज्ज करा" हे वाक्य कोकणात आणि घाटावर किती गावांत म्हटलं असेल, त्याला गणती नाही. खरा घोडा मात्र आमच्या कंपनीत कधी नव्हता. विंगेत आमचा एक माणूस दोन करवंट्या फळीवर आपटायचा आणि प्रेक्षक तेवढ्यावर टाळ्या द्यायचे. घोड्याचा श्वास माझ्या हाताला लागला तो म्हातारपणी, अबुधाबीला मुलीकडे राहायला आल्यावर. ते घडलं हमीदभाईंमुळे.

मोहम्मद बिन झायद सिटीत माझी मुलगी संजना राहते. तिच्या खालच्या मजल्यावर हलिमा. हलिमाचा नवरा रुवैसला रिफायनरीत आहे, तो सुट्टीलाच घरी येतो. एरवी घरात ती आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी इन्शा. हमीदभाई हलिमाचे वडील, पण ते शहरात राहत नाहीत. अल ऐनच्या पलीकडे, वाळूच्या टेकड्यांच्या आड एका अरबाचं फार्म आहे, तिथे ते घोडे सांभाळतात. पहिल्या भेटीत मी त्यांना करवंट्यांची गोष्ट सांगितली. ते खूप वेळ हसले आणि म्हणाले, "म्हणजे राजे, तुमचा घोडा खात नव्हता, आजारी पडत नव्हता. नशीबवान तुम्ही." तेव्हापासून मी राजे झालो. त्यात थोडी थट्टा असते, पण या देशात मला राजे म्हणणारा दुसरा कुणी नाही, म्हणून मी ती गोड मानून घेतो.

हमीदभाई मूळचे रायगडातले. माथेरानला मोटारी चालत नाहीत, लोक घोड्यावर बसून फिरतात. त्या घोड्यांचा लगाम धरून लाल मातीत चालत ते मोठे झाले. तरुणपणी कुणाच्या तरी ओळखीने इकडे आले आणि इथेच म्हातारे झाले. अंगाने सडपातळ, पाय किंचित फाकलेले, आवाज इतका हळू की आमच्या नाटकात दुसऱ्या रांगेतही पोचला नसता. माणसांशी बोलतानासुद्धा त्यांचा हात हवेत कुणाची तरी मान थोपटत असतो. हलिमा त्यांना सारखी म्हणते की आता बस झालं, फ्लॅटवर येऊन राहा. ते येतात, जेवतात, एक रात्र काढतात, आणि सकाळी बघावं तर बाल्कनीत फरशीवर झोपलेले. बंद खोलीत त्यांना कोंडल्यासारखं होतं. हलिमा चिडून म्हणते, "अब्बा, तुमचं आणि त्या घोडीचं दुखणं एकच आहे."

ती घोडी म्हणजे गझाला. पांढऱ्यात राखाडी मिसळलेली, पाठ थोडी खोल गेलेली, डोळे अजून मुलीसारखे. एकेकाळी ती शर्यतीत धावायची. आता तिच्यावर कुणी बसत नाही. बंद जागेत, गवताच्या धुळीत तिला दम लागतो, नाकपुड्या फुलतात, पोट भात्यासारखं हलतं. म्हणून डॉक्टरने तिला उघड्यावर ठेवायला सांगितलं होतं. फार्मच्या मालकाने, म्हणजे अर्बाबने, हमीदभाईंना शब्द दिला होता की ती धडधाकट आहे तोवर इथेच राहील. एकदा मोठं आजारपण आलं, की मग डॉक्टर सांगेल तसं. डॉक्टर शेवटचं इंजेक्शनच सांगेल हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे ते वाक्य कुणी पुरं करत नसे.

जानेवारीतल्या एका शनिवारी हलिमा, इन्शा आणि मी फार्मवर राहायला गेलो. दुपारी आम्ही मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या खात बसलो होतो. ऊन छान होतं. तेवढ्यात सगळ्यांच्या फोनवर हवामानाचा मेसेज आला. आतल्या वाळवंटात आज रात्री पारा शून्यापर्यंत उतरणार. आमचं हसणं झालं, वाळवंटात बर्फाचा गोळा वगैरे. हमीदभाई हसले नाहीत. त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली आणि गझालाकडे बघितलं.

दुसऱ्या घोड्याचा प्रश्न सोपा होता. बर्क नावाचा तो तरणा घोडा शर्यतीचा, त्याचे केस मशिनने कापलेले, अंग उघडं. तो आत जाणार, अंगावर त्याची जाड झूल चढणार. त्यात वाद नव्हता. वाद गझालाचा. आत ठेवावी तर दम लागणार. बाहेर ठेवावी तर थंडी, आणि असली थंडी तिने या वयात पाहिलेली नाही.

फार्मचा सुपरवायझर मिथुन हा नगर जिल्ह्यातला, स्वभावाने कडक. त्याचं म्हणणं सरळ होतं. तबेला कशाला बांधलाय, आत घ्या, दार लावा, खलास. इन्शाने फोनवर शोधून आजोबांना सांगितलं, "नाना, हॉर्सेस आर फाइन आउटसाइड, इट सेज." पुढे तिने तेही वाचलं की म्हाताऱ्या घोड्यांची जास्त काळजी घ्यावी. कशी, ते तिथे नव्हतं. डॉक्टर सुट्टीवर, त्यांचा फोन लागेना. अर्बाब परदेशात होते. त्यांना फोन लावला तर ते प्रेमाने म्हणाले, हमीद, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तू कर ते बरोबर. फोन ठेवल्यावर हमीदभाईंचा चेहरा असा झाला, जसा प्रॉम्प्टर निघून गेल्यावर नटाचा होतो.

"राजे, तुम्ही हुकूम द्या," ते मला म्हणाले. या वेळी थट्टा नव्हती.

मी छाती पुढे काढून उभा राहिलो. मला घोड्यातलं काय कळतं? पण गप्प बसणं रक्तात नाही. मी म्हणालो की थंडी वाजते तर पांघरूण घालावं, यात विचार कसला. हलिमाला ते एकदम पटलं. आम्ही आलो तेव्हा गाडीत रात्रीसाठी सोलापुरी चादरी होत्याच. इथल्या प्रत्येक मराठी घरात त्या कपाटभर असतात. गावाहून येणारा प्रत्येक जण घेऊन येतो आणि नको म्हणता येत नाही. हमीदभाईंनाही आठवलं की माथेरानला पहाटे गारठा पडला की ते घोड्यावर गोणपाट टाकायचे. झालं. ऊन उतरायच्या आत आम्ही गझालाच्या पाठीवर दोन चादरी घातल्या, पोटाखालून दोरीने बांधल्या. लाल मोरांची एक आणि हिरव्या चौकटीची एक. ती मखरात बसवल्यासारखी दिसायला लागली. मी तिला मुजरा केला. इन्शाने फोटो काढला. थोडा वेळ वाटलं की प्रश्न सुटला.

सूर्य बुडाला आणि वाळवंटातली थंडी अशी आली की जणू कुणी दार उघडं टाकून गेलं. मशिदीची अजान झाली. हमीदभाई नमाज पढून आले, चादरीखाली हात घालून बघितला आणि तसाच हात माझ्यापुढे धरला. ओला होता. इथे हिवाळ्यात दव इतकं पडतं की गाडीच्या काचा धुतल्यासारख्या होतात. सुती चादरी ते सगळं पिऊन बसल्या होत्या. खाली गझालाचे केस चपटे होऊन अंगाला चिकटले होते आणि ती बारीक थरथरत होती. माथेरानला गोणपाट चाललं ते तिथे घोडे छपराखाली असायचे म्हणून, हे त्यांना आत्ता आठवलं. मीच म्हणालो, "हुकूम मागे घेतला, हमीदभाई."

चादरी काढल्या. हमीदभाईंनी गोणपाटाच्या तुकड्याने तिला खसाखसा पुसलं, इतकं की त्यांनाच धाप लागली. मग ते तिला तबेल्यात घेऊन गेले. दारातून आत पाऊल टाकताच तिच्या नाकपुड्या फुलल्या. ते तिला बाहेर घेऊन आले. बाहेर वारा लागला, तसे परत आत घेऊन गेले. पुन्हा बाहेर. मिथुन मफलर गुंडाळून बघत होता. तो म्हणाला, "चाचा, तिला काय पार्कात फिरवताय का? यल्ला, चला आता, एक काहीतरी करा." हमीदभाई त्याला म्हणाले, "तूच कर, मिथुन. तू सांग आणि उद्या तिला काही झालं तर तूच अर्बाबला सांग." मिथुन मफलर घट्ट करून दुसरीकडे बघायला लागला.

शेवटी काय ठरलं ते धड ठरवल्यासारखं नव्हतंच. तबेल्याच्या भिंतीला लागून वाऱ्याच्या बाजूला त्यांनी गवताचे गठ्ठे रचले, वर खजुराच्या झावळ्या टाकल्या, म्हणजे दव जरा अडेल. गवत नेहमीपेक्षा जास्त टाकलं, पाण्याचे हबके मारून, धूळ उडू नये म्हणून. चावत राहिली तर अंग गरम राहील, असं ते माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाले. तिला मोकळी सोडली आणि तबेल्याचं दारही उघडंच ठेवलं. हलिमाने विचारलं, नक्की ना अब्बा? ते म्हणाले, "नक्की असतं तर मी तुला सांगितलं नसतं का?"

रात्री मी पाहुण्यांच्या खोलीत हिटर लावून तीन रजयांत झोपलो. सकाळी बाहेर आलो तर वाळूवर पिठासारखं काहीतरी पसरलेलं. पाण्याच्या टबावर काचेसारखी पातळ पापडी. गझाला गठ्ठ्यांच्या आडोशाला उभी होती, मान खाली, अजिबात न हलता. तिची पाठ पांढरी झाली होती, तिच्या रंगाहून वेगळी पांढरी. हमीदभाई माझ्या आधी येऊन मध्येच थांबले होते.

"राजे, तुम्ही बघता का जरा?"

मी रंगमंचावर किती जणांचे प्राण जाताना पाहिले आहेत. नट उठून चहा प्यायचे. इथे कुणी उठून चहा पिणार नव्हतं. शेवटी आम्ही दोघंही गेलो, हात धरून, लहान मुलांसारखे. हमीदभाईंनी तिच्या पाठीवरच्या केसांत बोटं खुपसली. नंतर माझा हात धरून तिथेच दाबला. वर हिमाचा गार चुरा होता आणि खाली, कातडीजवळ, कापडात गुंडाळलेल्या भाकरीची ऊब. गझालाने मान वळवून आम्हाला हुंगलं आणि परत गवतात तोंड घातलं.

हमीदभाई खूप वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. अंग एवढं गरम, मग वरचं हिम वितळलं का नाही, असं त्यांनी मला विचारलं. मग तेच म्हणाले की कदाचित ऊब बाहेर जाऊच दिली नाही तिने. की भलतंच काही असेल. तेवढ्यात ती एकदा खोकली. आम्ही दोघे दगड झालो. दुसरा खोकला येतो का, याची वाट बघत उभे राहिलो. तो आला नाही. पण पहिला कसला होता, हे कुणी सांगणार नव्हतं.

आत बर्कही मजेत होता, दारावर लाथा मारून खाणं मागत होता. मिथुन चहा घेऊन आला आणि म्हणाला, "बघा, आतला पण ठीक, बाहेरची पण ठीक. काल सगळ्यांचं डोकं खाल्लं तुम्ही."

"मग मी बरोबर केलं का?" हमीदभाईंनी त्याला अगदी मनापासून विचारलं. "आत ठेवली असती तरी ठीक राहिली असती, असंच ना? मला कळणार कसं, मिथुन?"

मिथुनने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात फोन वाजले. आज रात्री आणखी थंडी.

आम्ही निघायची तयारी केली. कठड्यावर वाळत टाकलेल्या सोलापुरी चादरी हलिमाने घडी करून गाडीत ठेवल्या. मग ती वडिलांजवळ गेली आणि म्हणाली की आजची रात्र तरी आमच्याकडे चला, बाल्कनीत झोपा हवं तर, पण चला. हमीदभाईंनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. गाडीतून लाल मोरांची चादर काढून त्यांनी खांद्यावर टाकली. "ही राहू दे," एवढंच म्हणाले. ती कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि हलिमाने विचारलं नाही. मी त्यांना मिठी मारली. त्यांचा हात माझ्या मानेवर सवयीने थोपटत राहिला.

गाडी वळली तेव्हा मी मागे बघितलं. हमीदभाई गझालाला घेऊन तबेल्याच्या दारात उभे होते. तिचे पुढचे पाय आत होते, मागचे बाहेर. दोघांपैकी कुणीच पुढे जात नव्हतं आणि मागेही येत नव्हतं.