त्या घरचं उरलेलं

"देखा, हाई कुपोषणना गावनी पोर! आमना घरनं खाईखाईसन कशी फुगी गई!"

भाभी पाहुण्यांसमोर बोलल्या. दिवाणखान्यातल्या सगळ्या बाया खो खो हसल्या. माझी पोर मधे उभी. हातात पेढा. कौतुक चाललंय असं वाटून तीही हसली. मी चहाचा ट्रे धरून दारात. भाभी माझ्याकडे वळल्या.

"तिनी मान घशीसन धोय व. कितला मळ!"

घरी जाऊन मी पोरीची मान दगडानं घासली. ती रडली तरी घासली. काळं गेलं नाही.

मी मोलगीकडच्या डोंगरातली. शहाद्यात भाभींच्या बंगल्यावर धुणीभांडी, स्वयंपाक करते. भाभींना साखर निघाली आणि त्या घराचं खाणं बदललं. ज्वारीची भाकर, पालेभाजी, तेल नावाला. सकाळी नवरा-बायको फिरायला जातात. पण पाहुणे मिठाई आणतातच. पेढे, फरसाण, कोल्ड्रिंकच्या अर्ध्या बाटल्या. ते सगळं माझ्या पिशवीत. नाही म्हणायची सोय नाही. माझ्या आधीची बाई एकदा नको म्हणाली, तर माज आला म्हणून तिला काढून टाकलं. शाळा सुटली की माझी पोर बंगल्यावर येऊन जिन्याखाली बसायची, तेच खायची. अंगणात खेळायची तिला मनाई.

उन्हाळ्यात आईकडे गेलो. जीप खाली रस्त्यावर सोडते. आमच्याकडे घरं एकमेकांना चिकटून नसतात, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या टेकडीवर. तिच्या वयाच्या पोरी डोक्यावर हंडे घेऊन पुढं गेल्या. माझी पोर अर्ध्या चढावर खाली बसली. तोंड लाल, श्वास मावेना.

"आई, छातीत धडधडतंय. मी मरणार का?"

आमच्या पाड्यात लेकरं अन्नावाचून गेलेली मी पाहिलीत. खाऊन खाऊन लेकरू जाऊ शकतं, हे कधी मनात आलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिची मान पाहिली. म्हणाल्या, "हा मळ नाही. वजन फार वाढलं की असं होतं. आत्ताच सांभाळा, नाहीतर पुढं साखर होईल. घरचं साधं जेवण द्या. गोड, तळलेलं, बाटलीतलं बंद. रोज चालू द्या, खेळू द्या."

भाभींनाही त्यांच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं. आणि जे त्यांच्या अंगाला विष, ते माझ्या पोरीला दिलं. मी मान घासत बसले.

परवा भाभींनी पुन्हा मिठाईचा डबा पुढं केला. काम गेलं तर खोलीचं भाडं कुठून?

"भाभी, हे नको. आणि पोर अंगणात खेळेल."

"माज चढना का तुले?"

"मन्ही पोर कचरापेटी नहीं."

त्यांच्याच बोलीत म्हटलं, नीट कळावं म्हणून. डबा ओट्यावर ठेवला आणि भांडी घासायला बसले.

पोर रोज खाऊसाठी रडते. मी भाकर वाढते आणि तिला शाळेत चालत नेते. बंगल्यावरून कधी निरोप येईल सांगता येत नाही. छातीत सतत भीती आहे. काढतील तर काढू देत, दुसऱ्या दारी भांडी घासीन. पण ज्याला ते स्वतः तोंड लावत नाहीत, ते माझी पोर खाणार नाही.