घाटाजवळच्या शाळेत कंप्यूटर

शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. रानातून आल्यावर पदराला कुसळं चिकटलेली असतात ना, तसे ते आपोआप घरी येतात. संध्याकाळी मी चहा ठेवला की आमचे हे विचारतात, "मग, आज तुमच्या कंप्यूटरनं काय केलं?" कारण हल्ली माझे निम्मे किस्से त्या कंप्यूटरचेच असतात.

आम्ही गंगेकाठच्या रामघाटाकडचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. माझी मुलं तर आता घरातही हिंदीतच भांडतात. मी जवळच्याच एका सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. नाव चालवणाऱ्यांची, फुलं विकणाऱ्यांची, विणकरांची मुलं आमच्याकडे येतात.

*

कंप्यूटर आले ते नावेतून. गल्लीत टेम्पो शिरेना आणि खोकी ठेल्यावर चढवायला ड्रायव्हर तयार होईना. शेवटी राजघाटापर्यंत टेम्पो आणि तिथून नाव. आमच्या हेडमास्तरीण शुक्ला मॅडम उन्हात पायऱ्यांवर उभ्या होत्या. खोकी वर येईपर्यंत त्या एकच शब्द बोलत होत्या, "सँभालके."

त्यांनी ती एका खोलीत ठेवली, जुन्या चादरी कापून त्यांना झाकणं शिवली आणि खोलीला कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये. पावसाळा गेला, दिवाळी गेली, कुलूप काही निघेना. शेवटी मी जरा चिडूनच विचारलं, "मॅडम, बच्चों को कब बिठाएँगे?"

तेव्हा त्या सांगू लागल्या. आधीच्या शाळेत त्या असताना चोरी झाली होती. पंखे गेले, स्वयंपाकाची भांडी गेली. त्यानंतर कितीतरी महिने त्या ठाण्यात आणि ऑफिसात चकरा मारत होत्या. जो तो असं विचारायचा, जणू त्यांनीच सामान विकून खाल्लं. "सामान बच्चों का होता है," त्या म्हणाल्या, "जवाब हमें देना पड़ता है."

मी वर्गावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "आप बच्चों को बिठाइए. मैं दरवाज़े पर बैठती हूँ."

आणि खरंच, कंप्यूटरचा तास असला की त्या खुर्ची टाकून दारात बसायच्या. थंडीत शाल गुंडाळून, उकाड्यात पेपरनं वारा घेत.

*

आमच्याकडे लाइट जाते, हे सांगायला नको. एकदा सोनू नावाचा मुलगा चित्र रंगवत होता. त्यानं बटण दाबलं आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. पडदा काळा झाला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते, तो घाबरल्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. सोनू दप्तर उचलून घरी गेला आणि शाळेत यायचाच बंद झाला.

काही दिवसांनी त्याची आई त्याला हाताला धरून घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता. "इसने क्या तोड़ दिया, मॅडमजी? रात में भी रोता है. बताता नहीं."

सगळा प्रकार मला तेव्हा कळला. मी काही बोलायच्या आत शुक्ला मॅडम उठल्या. सोनूला कंप्यूटरपाशी नेलं, त्याचं बोट धरून त्याच्याकडूनच बटण दाबून घेतलं. पडदा उजळला. सोनूनं पडद्याला बोट लावून पाहिलं.

"मरा नहीं था?"

"नहीं. और टूट भी जाता," मॅडम म्हणाल्या, "तो जवाब मैं देती. तू रोज़ आया कर."

*

माझे सासरे, आप्पा, वेदपाठशाळेत शिकवायचे. ओठ आणि कान, एवढंच त्यांचं शिकवण्याचं सामान. एकदा घराची किल्ली न्यायला ते शाळेत आले आणि मागच्या बाकावर टेकले. नाझिया वजाबाकी करत होती. उत्तर चुकलं की मशीन गोड आवाजात म्हणे, "कोई बात नहीं, आगे बढ़ो." नाझिया लगेच पुढं जाई. पुन्हा चूक, पुन्हा "कोई बात नहीं".

आप्पा उठले, तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. "ठहरो बेटी. फिर से."

तिला हातच्याचंच कळलं नव्हतं. आप्पांनी तिच्या बोटांवर, मग स्वतःच्या बोटांवर ते समजावलं. खाली वाकून त्यांची कंबर भरून आली असणार, पण घाई केली नाही. "अब दबाओ." तिनं दाबलं. मशीन म्हणालं, "शाबाश." नाझियानं पडद्याकडे पाहिलंच नाही, ती मान वर करून आप्पांकडे बघत राहिली. मग आप्पाही म्हणाले, "शाबाश."

घरी जेवताना मला म्हणाले, "यंत्र चांगलं आहे गं. दमत नाही, चिडत नाही. पण पोर अडलं की तिथं थांबायला हवं. ते थांबत नाही."

तेव्हापासून मी मुलांना जोडीनं बसवते. एकानं करायचं, दुसऱ्यानं थांबवायचं.

*

गुडिया वाचताना अडखळायची. एखादं अक्षर ओठांवर आलं की तिथंच अडायचं आणि वर्ग हसायचा. मी रागवायचे, पण रागावून हसू कुठं थांबतं? मग तिनं वाचणंच सोडलं. रोज एकच कारण, "गला खराब है."

कंप्यूटरवर आवाज रेकॉर्ड करता येतो हे मी तिला दाखवलं. "कमरे में कोई नहीं आएगा. गलत हुआ तो मिटा देना, फिर से बोलना." तिनं दार लावून घेतलं. जेवणाची सुट्टी संपली तरी बाहेर येईना. आली तेव्हा चेहरा घामानं भिजला होता.

"सबको सुनाऊँ?" मी विचारलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

वर्गानं धडा ऐकला. आवाज स्वच्छ, ठाशीव. एका जागी मात्र तो अडला, लांबला, मग सुटून पुढं गेला. कुणी हसलं नाही.

नंतर मी तिला हळूच विचारलं, "वो एक जगह मिटाई क्यों नहीं? मिटा तो सकती थी."

ती सगळ्यांसमोर, सावकाश बोलली, "अटकती तो हूँ न, मॅडम."

*

माझी मावसबहीण सुषमा साताऱ्याकडच्या एका खेड्यात शाळेत शिकवते. आम्ही ठरवलं, दोन्ही वर्गांची व्हिडिओवर गाठ घालून द्यायची. तिची मुलं मराठी बोलणार, माझी हिंदी, मध्ये मी. त्यांनी आपला डोंगर दाखवला, बैल दाखवला. मग तिकडून मागणी आली, "आम्हाला गंगा दाखवा."

मी शाळेचा टॅबलेट घेतला आणि वर्गाला घेऊन बालाजी घाटावर उतरले. शुक्ला मॅडम सगळ्यांच्या मागून. टॅबलेट धरायचा मान काजलला मिळाला. तिचे वडील नाव चालवतात, त्यामुळे नदीची सगळी माहिती तीच देत होती. ही आमची नाव, इथं खोल आहे, पलीकडे वाळू आहे.

मध्येच तिकडचा एक मुलगा उठून पुढं आला. ओंकार त्याचं नाव. त्यानं पडद्याच्या अगदी जवळ तोंड आणलं.

"बाई, आमच्या आजीला तिथंच सोडलंय. बाबा मडक्यातून घेऊन गेले होते. मला नेलं नाही. ती आहे का तिथं?"

काजल माझा पदर ओढून विचारू लागली, "क्या बोला, मॅडम? क्या बोला?"

मी तिला सांगितलं.

तिनं टॅबलेट माझ्या हातात दिला. पायऱ्या उतरून पाण्यात गेली, गुडघाभर. ओंजळ भरली आणि सांडू न देता तशीच वर आली. ओंजळ तिनं टॅबलेटसमोर धरली. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकत होतं.

ओंकारनं विचारलं, "गार आहे का?"

मी काजलला विचारलं.

"नहीं," ती म्हणाली. "बोल दीजिए, धूप लगी है. गुनगुना है, हल्का गरम."