जाण्याचं गाणं कितवं

पाय मोडून मी पाच आठवडे प्लास्टरात, खाटेवर होते. प्लास्टर निघूनही पंधरा दिवस झाले होते, पण खरं सांगू, खाट मला सोडत नव्हती आणि मी खाटेला. उंबऱ्यापर्यंत जायचं तरी नातीचा खांदा लागे. नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. मुरबाडहून डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर माझं करायला आली ती राहिलीच. सोबत तिची गिटार.

तिचा बँड आहे बरं का. चौघं मिळून धसईला एकाच्या पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडात वाजवायचे. रॉक म्हणतात त्याला. मला आधी वाटलं, पत्र्यावर कोणी धोंडे टाकतंय. माझं करता करताही ही तिथं जाऊन-येऊन असायची. नऊ गाणी रेकॉर्ड झाली, त्यांचा अल्बम करायचा होता, आणि पुण्याला वाजवायचं कामही मिळालं होतं. बाकीचे तिघं गेले. ही म्हणाली, "आजी चालायला लागली की येते." जाताना त्यांनी एक काम मात्र हिच्यावर टाकलं. कुठलं गाणं कुठल्यामागे, ते हिनं ठरवायचं.

मग काय, रोज दुपारी खिडकीत मोबाइल, त्याला स्पीकर, आणि मी खाटेवर. उठून बंद करता येत नाही, बाहेर पळता येत नाही. नऊच्या नऊ ऐका. दुसऱ्या दिवशी तीच नऊ, पुढची मागं आणि मागची पुढं.

कान किटले आधी. मग हळूहळू मला कळायला लागलं. विहिरीचं एक मऊ गाणं होतं, नुसती गिटार आणि तिचा आवाज. ते पहिलं लावलं तेव्हा मी कूस बदलून झोपले. तेच दोन दणदणीत गाण्यांच्या मागं आलं, तर पाण्याची मोटर बंद पडल्यावर एकदम पाखरू ऐकू यावं तसं झालं. शब्द न शब्द कानात उतरला. गाणं तेच, जागा बदलली फक्त. त्यापुढच्या दोन गाण्यांत मात्र तिनं श्वासालाही जागा ठेवली नव्हती. एक संपायच्या आत दुसरं अंगावर.

"अगो, इथं जीव कोंडतो माझा."

"कोंडू दे. ती दोन इथंच लिहिलीत, तुझ्या उशाशी," ती म्हणाली आणि हसली. मी नाही हसले.

शेवटी तिनं ठेवलं होतं जाण्याचं गाणं. सकाळची एसटी, पाठीला गिटार, मागं वळून बघायचं नाही, असं काहीतरी. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "ते तिथं बरं नाय वाटत. मधे घाल. त्याच्या मागं विहिरीचं." बोलत राहिले, बोलत राहिले, शेवटी कंटाळून तिनं तसं लावलं. आता त्या अल्बमातली पोरगी पाचव्या गाण्यात निघून जायची आणि सहाव्यात परत आपल्या विहिरीवर.

"आता कसं! आली ना घरी?" मी म्हटलं.

"मग गेली कशाला होती, आजी?"

एवढंच बोलली आणि चहा टाकायला गेली.

मी धवळे म्हणायचे ना पूर्वी, लग्नातली गाणी. त्यांचा क्रम ठरलेला. मांडवाचं, हळदीचं, आणि सगळ्यात शेवटी पाठवणीचं. ते म्हटल्याशिवाय पोरगी निघत नाही आणि ते म्हटल्यावर दुसरं म्हणत नाहीत. माझ्या लेकीच्या लग्नात गायला मीच. शेवटचं सोडून मी सगळी म्हटली. मग परत हळदीचं काढलं. नवऱ्याकडचा टेम्पो हॉर्न वाजवतोय आणि मी आपली हळद लावतेय! नणंद ओरडली, "वैनी, सोड गो आता, पोरगी मांडवातच म्हातारी व्हायची!" मांडव हसला. लेक तेवढी हसली नाही. पदराखालून हळूच म्हणाली, "आये, पायाला मुंग्या आल्या गो." तेव्हा कुठं मी ते गाणं म्हटलं.

आणि आता तिच्या लेकीला मी सहाव्या गाण्यात धरून बसले होते. प्लास्टर निघालेल्या पायानं.

चहा आला. मी म्हटलं, "ते जाण्याचं शेवटीच लाव."

"आणि त्याच्या मागं?"

"काय नाय. त्याच्या मागं गात नसतात."

तिनं तसं लावलं. सगळी नऊ परत ऐकली आम्ही. ती कोंडणारी दोन आली तेव्हा नेहमीसारखाच दम लागला. शेवटचं सुरू झालं आणि मी हाक न मारता पाय खाली सोडले. खाटेची कड धरून उभी राहिले. ती धावली.

"हात नको."

उंबऱ्यापर्यंत गेले म्हणाल तर नाही, खोटं कशाला बोलू. समोरच्या भिंतीपर्यंत गेले. चार पावलं. तेवढ्यात गाणं संपलं आणि घर एकदम गप्प झालं. भिंतीला धरून मी उभी, आणि परत खाटेकडं वळायचं कसं ते कळेना.

ती पुढं आली.

"थांब," मी म्हटलं, "आधी क्रम लिहून पाठव त्यांना पुण्याला. मग मला धर."