साक्षीची सही

गुणवंतराव गोहण्यांना पोंभुर्ण्याच्या बाजारात कोणी नावानं हाक मारत नाही. लेव्हलभाऊ म्हणतात. थट्टाच आहे ती, पण मानाची. हा माणूस कोणाकडे पाहुणा गेला तरी चहा येईपर्यंत अंगणाचा उतार पाहून घेतो आणि चहा संपला की, "तुमची मोरी उलटी बसली हाय," असं सांगून उठतो. यजमानीण मनातून चिडते. पुढं श्रावणात पाणी चुलीपर्यंत आलं की त्यालाच बोलावणं धाडते.

वडील गेले तेव्हा गुणवंतराव एकोणीस वर्षांचे होते आणि धाकटा धनराज सातवीत. घरची जमीन चव्वेचाळीस एकर, पण नावालाच जमीन. अर्धी मुरमाड टेकाडं, अर्धे खड्डे आणि मध्ये पळसाची झुडपं. धानाला सपाट बांधी लागते, चारही बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेली, घोटाभर पाणी उभं राहील अशी. गुणवंतरावांनी दर उन्हाळ्यात दोन-दोन, तीन-तीन बांध्या काढल्या. आधी बैलांच्या मागं केणी, म्हणजे माती ओढायची फळी, लावून टेकाडाची माती खड्ड्यात ओढली, मग भाड्याचा ट्रॅक्टर आला, मग जेसीबी. लेव्हल मात्र कायम एकाच हत्यारानं घेतली. पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं बायकोच्या, चंदाबाईंच्या. लग्नाची हळद उतरायच्या आत ती बाई भर उन्हात नळीचं टोक धरून उभी होती. "संसारात आमचं एकच भांडण," त्या अजून सांगतात. "ह्यायचं टोक नेहमी वर आन् माहं नेहमी खाली."

शेताच्या माथ्यावर त्यांनी बोडी बांधली. आमच्या झाडीपट्टीत शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. तिच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पोटातून एक मोरी काढलेली असते, तिला तुडुम. तुडुमाचं लाकडी बूच उपसलं की पाणी पाटानं खाली धावतं आणि बांधीमागून बांधी भरत जातं. वरुणराजाच्या भरवशावर धान उगवतं, पण दाणा भरतो तो तुडुमाच्या पाण्यावर. दसऱ्याच्या आगंमागं धान निसवतं, लोंब्या बाहेर पडतात आणि नेमका तेव्हाच पाऊस पाठ फिरवतो. त्या वेळचं एक पाणी मिळालं तर कोठी भरते, नाही मिळालं तर लोंबीत नुसती टरफलं.

बोडी खोदताना गुणवंतराव एक गोष्ट कधी चुकले नाहीत. खड्ड्याच्या मधोमध न खोदलेल्या मातीचा एक खांब ठेवायचा. वर मूळचं गवत तसंच. किती खोदलं ते त्या खांबावरून कळतं, मजुरांचं माप त्यावरच निघतं. त्या खांबाला ते साक्षी म्हणायचे, त्यांचे वडीलही तसंच म्हणायचे. साक्षीला कोणी फावडं लावलं तर गुणवंतराव दिवसभर त्या माणसाशी बोलत नसत. "आधी जमीन कुठी होती, हे सांगणारी ती एकलीच हाय," म्हणायचे. घरातही हा शब्द चालायचा. पोरगा आयुष लहानपणी मार खाण्याची वेळ आली की ओरडायचा, "आई साक्षी हाय, म्या नाई केलं!" आणि गुणवंतरावांचा उगारलेला हात खाली यायचा.

धनराज शिकला तो या बांध्यांवर. चंद्रपूरला त्यानं खत-बियाण्याचं दुकान टाकलं, घर बांधलं. आयुषही पुढं काकाकडेच राहून शिकला आणि तिथंच एका सेतू केंद्रात अर्ज टाईप करायला लागला. गुणवंतरावांना त्याचं कौतुक होतं. आपला पोरगा सरकारचे कागद लिहितो, एवढंच त्यांना कळत होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

पाच वर्षांपूर्वी आई गेल्यावर वाटण्या झाल्या. मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही आमच्याकडची रीत. गुणवंतरावांनी शेताचे वरचा आणि खालचा असे दोन वाटे पाडले. धनराजनं वरचा उचलला. त्यात रस्ता आला, विहीर आली आणि बोडीही आली. सोयरे कुजबुजले. गुणवंतराव हसले. "बोडी त्याची, पानी दोघायचं. पानी काई वर चढून जात नाई, खालीच येते," म्हणाले. धनराजनं सगळ्यांसमोर मान डोलावली. कागदावर कोणी काही लिहिलं नाही. सातबाऱ्यावर बोडी दोघांच्याच नावानं राहिली आणि सख्ख्या भावात कागद कशाला, म्हणून विषय तिथंच संपला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी धनराज गावात आला. बोडी खोल करून मासे सोडायचे होते. "भाऊ, मशीनवाले मले खड्डा करून देतीन, बोडी नाई करून देनार," तो म्हणाला. "उतार तुमच्याबिगर कोनाले समजते? तुमीच उभे राहा."

झालं! लेव्हलभाऊला आणखी काय हवं होतं? डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, ऑपरेशनची तारीख मिळालेली, समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचा आणि तरी हा गडी तेवीस दिवस पोकलेनसमोर छत्री घेऊन उभा राहिला. पोकलेनवाला विक्की वैतागला. त्याला मधोमध मातीचा खांब ठेवायला लावला होता. "काका, हे मोजमाप आता मोबाईलवर होते," तो म्हणाला. "मोबाईलले कोन साक्षी म्हनते?" गुणवंतरावांनी ऐकून घेतलं नाही. तुडुमाचा सिमेंटचा पाईपही त्यांनी स्वतः चिखलात बसून, हातानं चाचपून, उतार साधून बसवला. ज्याच्या शेताला पाणी जायचं त्यानंच तो बसवावा, असं त्यांना वाटलं असेल.

काम संपत आलं तेव्हा धनराज पाळीवर कागद घेऊन आला. "भाऊ, साक्षी म्हनून तुमची सही पाह्यजे."

गुणवंतरावांचा चेहरा फुलला. "किती खोल झालं ते लिवलं का बराबर?"

"सगळं लिवलं."

धनराजनं मोटारसायकलच्या सीटवर कागद पसरला, बोट ठेवून जागा दाखवली. गुणवंतरावांना त्या जागी पांढऱ्यावर करडं धुकं दिसत होतं. त्यांनी धोतराला हात पुसले आणि आपलं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, सावकाश लिहिलं. त्या दिवशी घरी येऊन ते चंदाबाईंना म्हणाले, "पोट्ट्यानं मान ठेवला माहा. साक्षी म्हनून मलेच बोलावलं." त्या माउलीनंही खुशीत गुळाचा चहा ठेवला.

मग ऑपरेशन झालं. धुळीत जायचं नाही, खाली वाकायचं नाही, अशी ताकीद होती. तेवढ्यात बोडीत काळी पन्नी अंथरली गेली. पाणी मुरू नये म्हणून माशांच्या तळ्याला हल्ली जाड प्लास्टिक घालतात, ती. पाऊस लागला आणि बोडी भरली. गुणवंतरावांनी फोनवर विचारलं, "तुडुमाचं का केलं?" धनराज म्हणाला, "तिथी पन्नी कापून तोंड मोकळं ठेवलं, भाऊ. तुमी काळजी काऊन करता?" आणि भाऊंनी काळजी केली नाही.

दसरा झाला. धान निसवलं. पाऊस नेहमीसारखा पाठमोरा झाला. गुणवंतरावांनी दोन दिवस खपून पाट साफ केला, चंदाबाईंना शेवटच्या बांधीवर उभं केलं आणि पाळीवर जाऊन तुडुमाचं बूच उपसलं.

पाणी आलं नाही.

त्यांनी पाईपात काठी घातली. काठी कशाला तरी टेकून परत आली, ताणलेल्या चामड्याला टेकावी तशी. पलीकडे बोडी काठोकाठ भरलेली, मासे उड्या मारत होते. पन्नी कुठं कापलीच नव्हती. खालून चंदाबाई ओरडत होत्या, "सोडलं का हो? अजून नाई आलं!" गुणवंतरावांनी काठी पुन्हा घालून पाहिली. आपण चुकीचं बूच काढलं असावं, असंच त्यांना घटकाभर वाटलं. धाकटा भाऊ खोटं बोलला, यापेक्षा आपण मूर्ख आहोत हे मानायला त्यांना सोपं गेलं.

संध्याकाळी धनराज आला. आवाज चढवला नाही, उलट फारच गोड बोलला. "पन्नी फाडली तं मासे जातीन, भाऊ. आन् आपलं तं कागदावर ठरलंच हाय." त्यानं मोबाईलवर कागदाचा फोटो दाखवला. गुणवंतरावांच्या नव्या डोळ्याला आता अक्षर न् अक्षर दिसत होतं. बोडीवर व तिच्या पाण्यावर माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही, अशी मी राजीखुशीनं संमती देत आहे. खाली त्यांची सही, वळणदार, बापाच्या नावासकट. साक्षी हा शब्द त्या अख्ख्या कागदावर कुठंच नव्हता.

"तू मले साक्षी म्हनलं व्हतं," गुणवंतराव म्हणाले.

"बोलाचालीत म्हनलं असन," धनराज म्हणाला आणि गाडीला किक मारली.

ज्याच्यासाठी चाळीस उन्हाळे माती ओढली त्यानं केसानं गळा कापला. पण गुणवंतराव खचले नाहीत. धानाला अजून आठ-दहा दिवसांची धुगधुगी होती. त्यांनी आयुषला फोन लावला. पोरगा रोज असले कागद हाताळतो, फसवून सही घेतली असं तहसीलदारासमोर तोच नीट मांडेल, निदान एका पाण्यापुरता तरी हुकूम मिळवेल. "आयुष येऊन राह्यला," असं त्या दोन दिवसांत त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना किती वेळा सांगितलं, त्याला गणती नाही.

रविवारी आयुष आला. चंदाबाईंनी ताट वाढलं. त्यानं दोन घास खाल्ले आणि खाली मान घालून म्हणाला, "बाबा, तक्रार राहू द्या."

"काऊन? कागद पाह्यला नाई का तू?"

"मीच टाईप केला."

चंदाबाईंच्या हातातली पळी भातातच राहिली.

आयुष मग भडाभडा बोलला. काका मासळीत त्याला अर्धा भागीदार करून घेणार होता. बावीस एकर धानात त्याला गाडून घ्यायचं नव्हतं. "तुमी मले कधी इचारलं का, तुले का कराचं हाय? धान, धान आन् धान. काकानं इचारलं." तो हुंदका देत होता, खोटं नव्हतं ते. "पन कागद वाचून दाखवला असता तं तुमी सही केली असती का?"

"नसती केली," गुणवंतराव म्हणाले.

"काकाले तेच सुचून नव्हतं राह्यलं, भाऊले का म्हनाव. मंग मीच म्हनलं, साक्षी म्हना. साक्षी म्हनलं का बाबा नाई म्हनत नाई."

भावाचा दगा गुणवंतरावांनी दोन दिवसांत कसाबसा गिळला होता. धनराजला तो शब्द सुचलाच नव्हता, शब्द आला होता याच घरातून, याच चुलीपासून. आपला पोरगा आपल्याला इतकं आतून ओळखतो, याचा बापाला आनंद व्हायला हवा. त्यांनी ताट पोरापुढं सरकवलं. ते एवढंच म्हणाले, "जेवून घे. भात निवते."

पोरगा न जेवताच शेवटच्या गाडीनं परत गेला. तक्रार झाली नाही. भावाविरुद्ध ते तहसीलला उभे राहिले असते, पण पोरानं टाईप केलेल्या कागदावर बोट ठेवायला त्यांचं मन होईना. आठवड्यात लोंब्या पांढऱ्या पडल्या. चिमटीत धरली तर आत दूध नाही, दाणा नाही.

एका सकाळी गुणवंतरावांनी गोठ्यातली दावी सोडली. चंदाबाईंनीही दोन गायी सोडल्या. अकरा जनावरं रस्त्यानं चालत गेली आणि पहिल्या बांधीच्या धुऱ्याशी थबकली. जन्मभर त्यांनी इथं पाऊल टाकलं की काठी खाल्ली होती. गुणवंतरावांना त्यांना मागून ढकलून धानात घालावं लागलं.

गावात बोंब झाली. उभ्या धानात ढोरं घालणं आमच्याकडे घर पेटवण्यासारखं मानतात. लोक रस्त्यावर जमले. तासाभरात धनराज मोटारसायकल फेकतच आला.

"भाऊ, डोस्कं फिरलं का तुमचं? सारं गाव पाहून राह्यलं. लोकं मले का म्हनतीन? काईतरी सांगा त्यायले!"

गुणवंतराव धुऱ्यावर बसले होते. त्यांचा आवाज शांत होता.

"लोकायले जे सांगाचं ते आयुषकडून लिवून आन," ते म्हणाले. "त्याले चांगलं लिवता येते. कुठी सही कराची तेवढं दाखव मले."

आणि त्यांनी खरोखरच पेनासाठी हात पुढे केला.